काजाबाईची बंगाली

शिलाईच्या कारखान्यात ती काजं करायची आणि मी बटणं लावायची. तिच्या मशीनवरून उतरलेला शर्ट थेट माझ्या मांडीवर यायचा. तिचं मशीन बंद पडलं की मी रिकामी, आणि मी आजारी पडले की तिच्यापुढे ढीग. इतकी वर्षं अशी शेजारी काढली की नणंदा-भावजयांचं जमणार नाही इतकं आमचं जमलं होतं.

तिला नाव होतं, पण हजेरी घेणाऱ्याशिवाय ते कुणाला आठवत नसे. काजं करते म्हणून काजाबाई. जरीकामाच्या खाटल्यावर, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटीपाशी, बसणारे चष्मेकाका बंगाली बोलणारे. त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसले होते. म्हणाले, "आमच्यात काज म्हणजे काम. तुम्ही कामाबाई!"

"मग बरोबरच आहे की," ती म्हणाली. "जन्मभर दुसरं काय केलंय?"

तिला फोन आला ती दुपारची वेळ होती. तिनं एका हातानं फोन कानाला लावला आणि पायाखालचं पॅडल सोडलंच नाही. सुई एकाच जागी खटखटत राहिली, कापडाला भोक पडलं, भोकाचं भगदाड झालं. मी उठून तिचा पाय उचलून बाजूला केला.

जावयाचा फोन होता. तो इथंच वाढल्यासारखं मराठी बोलायचा. "आई, तिला ताप आला होता. डोक्यात गेला. सगळं उरकलं."

"उरकलं म्हणजे?"

"थांबता आलं नाही, आई."

आणि त्याच्या मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता, रडका, पुन्हा पुन्हा तेच म्हणणारा. काजाबाईनं फोन ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं माझा दंड धरला. "मागनं त्याची आई बोलत होती. मारा म्हणाली. मारा गॅछे, मारा गॅछे. माझ्या पोरीला मारली गं त्यांनी."

तिची लेक आमच्याच कारखान्यात दोरे कापायला होती. हसरी, तोंडाळ पोरगी. सुपरवायझर पाठमोरा झाला की त्याची चाल करून दाखवायची आणि आमचं हसणं आवरेपर्यंत कात्री घेऊन अशी बसायची, की जणू देवळात बसलीय. चष्मेकाकांच्या खाटल्यावर एक तरुण कारागीर होता. मान खाली घालून काम करायचा. त्याची मान हिनं वर करायला लावली. तो तिच्याकडून मराठी शिकला, ती मात्र त्याची भाषा शिकली नाही. "त्याला येतंय ना माझं, मग मला कशाला?" म्हणायची. लग्न झालं, भाड्याची खोली झाली, मुलगी झाली. जावई वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. काजाबाई म्हणायची, शोधूनही असा मिळाला नसता.

मग हाताच्या जरीकामाला गिऱ्हाईक राहिलं नाही, सगळं यंत्रावर गेलं. चष्मेकाकांपुरतं उरलं, त्याचं काम सुटलं. त्यानं बायको-मुलीला बंगालमधल्या गावाला आईकडे नेऊन ठेवलं आणि स्वतः तिसऱ्याच शहरात कामाला गेला. काही महिन्यांनी एकदा घरी यायचा. लेकीचे फोन यायचे, पण फोन सासूच्या खोलीत. "बरी आहेस ना?" की "बरीय." आधी ती "बरीय गं" म्हणायची, मग नुसतं "बरीय". त्या "गं"कडे कुणाचं लक्ष जाणार? आमचंही गेलं नाही.

काजाबाईचा नवरा केव्हाच गेला होता. घरात ती आणि मोठा मुलगा. मुलगा सामान पोहोचवायचं काम करायचा. तो म्हणाला, "जाऊन काय करणार आहेस? ती परत येणार आहे का?"

"नात आहे तिथं."

"तुला तिथं पाणी तरी मागता येणार आहे का?"

त्यानं रागानं म्हटलं होतं, पण हे तिच्या मनात रुतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन चष्मेकाकांच्या खाटल्यापाशी जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"पाणी कसं मागायचं?" तिनं विचारलं.

चष्मेकाकांना सगळं माहीत होतं. जावई त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, लग्नात मुलाकडून तेच उभे राहिलेले. त्या फोननंतर ते काजाबाईच्या समोर येत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जॉल," ते म्हणाले. "जॉल दिन. म्हणजे पाणी द्या."

"आणि ताप?"

"जॉर."

"जॉल, जॉर," ती म्हणाली. "एवढंसंच अंतर?"

"तुमच्या कानाला एवढंसं. आमच्या कानाला खूप."

मग रोज सुट्टीत शिकवणी सुरू झाली. स्टेशन कोथाय, स्टेशन कुठं आहे. कॉतो दूर, किती लांब. आमि बांग्ला बुझि ना, मला बंगाली कळत नाही. आस्ते बोलून, हळू बोला. या शेवटच्याला ती पहिल्यांदा हसली. "आस्ते बोलून काय? पुढं काहीतरी पाहिजे की! बोलून गेले, बोलून बसले." चष्मेकाका म्हणाले, "बोलून मोकळे झाले, असं समजा." ती घरी जाताना रस्त्यानं पुटपुटत जायची. बसमधली माणसं बाजूला सरकायची, बाई खुळावली म्हणून. कारखान्यातली पोरं चिडवायची, "काजाबाई, बाथरूम कोथाय?" तीही त्यांना उत्तर द्यायची. शिकताना तेवढा वेळ ती बरी असायची.

सगळ्यात सुखाचा दिवस चष्मेकाकांनी नाकाला बोट लावलं तो. "नाक," ते म्हणाले. कानाला लावलं. "कान." हात, गाल, दात. काजाबाई बघतच राहिली. "हे तर आपलेच!"

"शरीर सगळ्यांचं सारखंच," ते म्हणाले.

इस्त्रीवरच्या पोरीनं एकदा सुचवलं, "मावशी, मोबाइलवर असतं आता. तुम्ही मराठीत बोला, तो बंगालीत बोलून दाखवतो."

काजाबाई तिला रागावली नाही. "अगं, मला मेलेल्या लेकीबद्दल विचारायचंय," ती म्हणाली. "ते यंत्राच्या तोंडून विचारू?"

आणि ते विचारायचं वाक्य चष्मेकाका शिकवत नव्हते. ती रोज विचारायची, ते रोज दुसरंच काहीतरी काढायचे, तिकीट, बस, खोली. शेवटी तिनं डब्याचं झाकण आपटलं. "माझी मुलगी कशी मेली, हे बंगालीत कसं म्हणायचं?"

त्यांनी सुई खाटल्यावरच्या ताणलेल्या कापडात खोचून ठेवली. मग म्हणाले, "आमार मेये की कोरे मारा गॅलो?"

तिनं मान वर केली. "बघा. मारा. तुमच्याच तोंडून आलं. त्याची आई हेच म्हणत होती."

"नाही हो बाई!" चष्मेकाकांनी कपाळावर हात मारला. "आमच्यात माणूस म्हातारपणानं गेलं तरी मारा गॅलो, तापानं गेलं तरी मारा गॅलो. मारा गॅछे म्हणजे वारली. मारली नाही. ती बिचारी रडत होती, सून वारली म्हणून रडत होती. तुम्ही इतके दिवस हे घेऊन बसला होता?"

त्या दिवशी काजाबाईनं डबा उघडला तसाच बंद केला. मला वाटलं, ओझं उतरलं असेल. सुटकाच की ती. पण संध्याकाळी निघताना म्हणाली, "राग होता तेव्हा बरं होतं. काहीतरी धरायला होतं. आता तेही नाही."

"मग नको जाऊस," मी म्हटलं.

"आता तर जायलाच पाहिजे. आता मला काहीच माहीत नाही."

चष्मेकाका सोबत यायला तयार होते, गुडघे धड नसूनही. तिनं नको म्हटलं. "तुम्ही आलात की ते तुमच्याशी बोलतील. माझ्याशी बोलू दे त्यांना." जावयालाही कळवलं नाही. सांगून गेलं की घरातली माणसं बोलणं ठरवून ठेवतात, असं तिचं म्हणणं. तो कामाच्या शहरात होता, हे तिला माहीत होतं, आणि तो नसतानाच तिला जायचं होतं.

इथून पुढचं तिनं मला परत आल्यावर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, काजं करता करता. ते मी जोडून सांगते आहे.

गाडीत बसेपर्यंत तिला वाटत होतं, आपल्याला बरंच येतं. उतरल्यावर कळलं की आपल्याला फक्त विचारता येतं. "कॉतो दूर?" असं तिनं बसवाल्याला ठसक्यात विचारलं. तो इतकं काही बोलला, हातवारे करून, की तिला त्यातला एक शब्द धरता आला नाही. शिकवणीत चष्मेकाका उत्तर एका शब्दात द्यायचे. खरी माणसं एका शब्दात बोलत नाहीत. "आस्ते बोलून" म्हटलं की तो तेच सगळं मोठ्यानं बोलायचा.

एका फाट्यावर एका दुकानदाराला तिनं घर विचारलं. तो म्हणाला, "डान दिके." ती डावीकडे वळली. डान म्हणजे डावं, यात विचारायचं काय? उन्हात पिशवी घेऊन ती चालत राहिली, वस्ती संपली, नुसती शेतं लागली, तेव्हा एका सायकलवाल्यानं तिला मागं फिरवलं. डान म्हणजे उजवं. ती मला म्हणाली, "तिथं उभी राहून मला पोरीची कीव आली गं. मी तर एकदाच चुकले. तिचं रोज असंच होत असणार. ज्याला आपण डावं समजतो ते उजवं."

घर पत्र्याचं, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण आणि अंगण संपतं तिथं तळं. उतरायला विटांच्या पायऱ्या. ओट्यावर सासू बसली होती, वाळकी, पांढरी. तिनं काजाबाईला कधी पाहिलेलं नव्हतं.

"आमि ओर मा," काजाबाई म्हणाली. मी तिची आई.

कुणाची, ते सांगावं लागलं नाही. सासू उठली, आत गेली, पाणी घेऊन आली आणि तिनं तांब्या पुढं केला. मग दाराआडून नात बाहेर आली. अंगावर मोठा फ्रॉक, खांद्यावरून उतरलेला. हनुवटी लेकीची. काजाबाईनं हात पुढं केला तशी ती सासूच्या पायांमागं लपली.

काजाबाईनं पाठ केलेलं सगळं मनात चाळून पाहिलं. स्टेशन, तिकीट, किती लांब. लहान मुलाशी बोलायचं एकही वाक्य ती शिकली नव्हती. तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावलं. "नाक," ती म्हणाली.

पोर बघत राहिली.

"कान," काजाबाई म्हणाली, आणि मुद्दाम गालाला हात लावला. पोरीला राहवलं नाही. "गाल!" ती ओरडली, कान दाखवून चूक सुधारली, आणि पायांमागून बाहेर आली. मग दोघींचा तोच खेळ चालला, नाक, कान, हात, दात. सासू दारात उभी राहून बघत होती. तिच्याही डोळ्यांना पदर लागला, असं काजाबाईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं.

जेवणं झाल्यावर तिनं सासूला ते वाक्य विचारलं. सासू तिच्याकडे न बघता म्हणाली, "जॉर." मग कपाळावर हात ठेवून दाखवला, तापलेलं कपाळ. पुन्हा म्हणाली, "जॉर." मग भांडी उचलायला लागली. जावयानं सांगितलेलंच. काजाबाईनं ठरवलं, खरंच असेल. नातीशेजारी आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली.

सकाळी सासू जावयाला फोन करायला कुठंतरी गेली. घरातल्या फोनवर का नाही, असं काजाबाईच्या मनात आलं. शेजारच्या ओट्यावर एक बाई कागदी पिशव्या चिकटवत बसली होती. काजाबाई जाऊन तिच्याजवळ बसली आणि न सांगता पिशव्यांच्या घड्या घालायला लागली. हाताला काम असलं की बायकांना एकमेकींची भाषा लागत नाही. थोड्या वेळानं शेजारणीनं काहीतरी विचारलं. काजाबाई म्हणाली, "आमि ओर मा."

शेजारणीचा हात थांबला. मग ती बोलायला लागली. हळू आवाजात, पण भरभर, घराकडे बघत बघत. काजाबाईला काही कळेना. ती त्या बोलण्यात ओळखीचा शब्द शोधत राहिली, गर्दीत आपलं माणूस शोधतात तसा. आणि एक शब्द सापडला. पुन्हा आला. पुन्हा.

"जॉर?" काजाबाईनं विचारलं. तिनंही कपाळाला हात लावून दाखवलं.

शेजारणीनं मान हलवली. "जॉर ना गो. जॉल."

काजाबाईला वाटलं, आपल्या कानाचीच चूक. एवढंसंच तर अंतर. तिनं दोन्ही शब्द वेगवेगळे करून विचारले, शाळेत मूल विचारतं तसे. "जॉर, ना जॉल?"

शेजारणीनं खळीनं बरबटलेल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट तळ्याकडे केलं. "जॉले डुबे," ती म्हणाली.

डुबे. यातलं कुठलं अक्षर न कळायला ती लहान नव्हती.

ती उठली आणि तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पाणी हिरवं, शांत, वर पानं पडलेली. ती म्हणाली, "मला रडायला येईना. मी पाण्याला विचारत होते. मराठीत." मग एकदम तिच्या तोंडून निघालं, "आई गं!" मोठ्यानं. पुन्हा, "आई गं!"

मागून धावत पावलं आली. नात येऊन तिच्यापुढं उभी राहिली, काय काम आहे असा चेहरा करून. काजाबाईला उमगेना. पोर शहाण्यासारखी उभीच. तेवढ्यात फोन करून परतलेल्या सासूनं "आय गो" अशी पोरीला हाक मारली तेव्हा काजाबाईच्या लक्षात आलं. तिथं आय म्हणजे ये. आय गो, ये गं. आजी पायऱ्यांवर बसून बोलावते आहे असं समजून पोर आली होती. काजाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि पायऱ्यांवरून उचलून आधी ओट्यावर आणून ठेवलं. रडली ती त्यानंतर.

सासूनं तिचा चेहरा पाहिला, शेजारणीच्या ओट्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती मटकन खाली बसली. काजाबाईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आमि मारि नि. आमि मारि नि." मी नाही मारलं. मारा आणि मारि यांत काय फरक असतो ते एव्हाना काजाबाईला कळत होतं. तिनं हात सोडवून घेतले नाहीत, पण दाबलेही नाहीत.

जावई दुसऱ्या दिवशी आला. ओट्याची पायरी चढायच्या आधीच काजाबाईनं विचारलं, "ताप नव्हता ना?"

तो तिथंच उभा राहिला. "नव्हता."

"ढकललं कुणी?"

"नाही, आई. पोरीची शपथ. शेजारणीनं पाहिलं तिला पायऱ्या उतरताना. वाटलं, कपडे धुवायला निघालीय."

"मग ताप का म्हणालास?"

"पोलीस आले असते. आईला नेलं असतं. आणि तुम्हाला..." तो थांबला. "तुम्हाला कसं सांगणार होतो?"

मग तो बोलला ते सगळं मराठीत, त्या अंगणात दुसऱ्या कुणाला न कळणाऱ्या भाषेत. त्याची आई तिला मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. पण लेक बोलली की म्हातारी हसायची. तिचं बंगाली ऐकून सगळेच हसायचे, पाणवठ्यावर, दुकानात. इथं सगळ्यांना हसवणारी पोरगी ती, तिथं तिच्यावर हसायला लागले. तिनं बोलणंच कमी केलं. मुलीशी मराठी बोलायची तर सासू म्हणायची, पोरीच्या डोक्यात गोंधळ नको. मग मुलीशीही बोलेना. शेजारणीनं सांगितलं होतं की ती तळ्याच्या पायऱ्यांवर बसून एकटीच बोलत असायची.

"तुला फोनवर काय सांगायची?"

"घेऊन चल म्हणायची. मी म्हणायचो, जरा कळ काढ. तिथं आम्ही एका खोलीत खूपजण झोपतो, आई. कुठं नेणार होतो?" तो ओट्यावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. "शेवटी शेवटी म्हणायची पण नाही. मला वाटलं, रुळली."

काजाबाईनं मुलगी मागितली. तो नाही म्हणाला. आईनं आयुष्य काढलंय माझ्यापायी, तिच्याकडे आता एवढंच आहे, म्हणाला. शिवाय, "तिला तुमची भाषा येत नाही, आई."

"मला तिची येते."

"किती येते?"

सासू नातीला कडेवर घेऊन भिंतीला पाठ लावून उभी होती.

निघायच्या आदल्या दिवशी जावयानं स्वतः तळ्याच्या पायऱ्यांना, पोर उतरू नये म्हणून, बांबूचं आडं लावलं. काजाबाईनं ते दोन्ही हातांनी हलवून बघितलं, सैल होतं, त्याला पुन्हा ठोकायला लावलं. परतताना फाट्यावर बसची वाट बघत ती कितीतरी वेळ बसली. थाना कोथाय, पोलीस ठाणं कुठं, हे वाक्य तिला येत होतं. चष्मेकाकांनी शिकवलं होतं, लागलं तर असू दे म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही विचारता आलं असतं. "पण तिथं जाऊन सांगू काय?" ती मला म्हणाली. "माझ्या पोरीवर हसले, हे? त्याला कुठलं कलम लावतात? आणि बाप आत गेला, म्हातारी आत गेली, तर पोरीला जेवायला कोण घालणार?" बस आली आणि ती चढली.

कारखान्यात आली तेव्हा ती वाळून गेली होती. काजं मात्र तशीच, एक टाका इकडचा तिकडे नाही. पहिल्याच सुट्टीत डबा घेऊन ती चष्मेकाकांपुढं जाऊन बसली. ते गडबडले. "आता कशाला?"

"लहान मुलाशी काय बोलतात ते शिकवा," ती म्हणाली. "आणि उत्तरं कळायला शिकवा. नुसते प्रश्न नकोत."

मग ती आठवड्यातून एकदा फोन करायची. सासू कधी पोरीला द्यायची, कधी "घुमोच्छे" म्हणून ठेवायची. झोपलीय. भरदुपारी झोपलेली असायची पोर. मुलगा म्हणायचा, सोड आता. ती सोडत नव्हती. पोर तिला दिदा म्हणायला शिकली, म्हणजे आईची आई. दोन-चार वाक्यांपलीकडे बोलणं जात नसे. काय जेवलीस, पडलीस का, पाण्याकडे जाऊ नको.

वर्ष फिरलं आणि जावयानं दुसरं लग्न केलं. चष्मेकाकांना आधी कळलं, त्यांनी मला सांगितलं आणि मी तिला. तिनं हातातला शर्ट पूर्ण केला, मग पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आली नाही. त्यानंतर फोन कुणी उचलेना. आम्हाला वाटलं, संपलं. नवी बाई कशाला पहिलीच्या आईला दारात उभी करेल?

ती लावत राहिली. एका दुपारी सुट्टीत फोन उचलला गेला. कोवळा, अनोळखी आवाज. "के?" कोण?

काजाबाई घाबरली. चष्मेकाकांनी खूण केली, बोला. "आमि दिदा," ती म्हणाली. "मेयेर दिदा." मुलीची आजी.

पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग पोरीचा आवाज आला, "दिदा!"

तेव्हापासून ती नवी पोरगीच फोन उचलायची आणि न कुरकुरता मुलीला द्यायची. तीही लांबच्याच गावाहून आणलेली, जावई तिलाही तिथं ठेवून पुन्हा कामाच्या शहरात गेलेला. भाषेचा प्रश्न तिला नव्हता. पण बाकी घर तेच, म्हातारी तीच. काजाबाई एकदा म्हणाली, "मला तिचा राग यायला पाहिजे ना? येत नाही गं. आवाज ऐकला की काळजीच वाटते."

तिनं चष्मेकाकांकडून आणखी एक वाक्य मागून घेतलं. ते तिला जड गेलं. मशीनवर बसून ती आठवडाभर ते घोकत होती, काज संपलं की एकदा, पुढचं सुरू करायच्या आधी एकदा. मग फोनच्या दिवशी पोरीशी बोलून झाल्यावर तिनं नव्या बायकोला परत फोनवर बोलावलं. उभी राहिली. एका हातानं मशीन धरलं.

"मोन खाराप होले आमाके फोन कोरो," ती म्हणाली. मन उदास झालं तर मला फोन कर.

मग ती पोरगी बोलायला लागली. मला शेजारी बसून ऐकू येत होतं, सलग, भरभर, मध्येच नाक ओढत, मध्येच आवाज खाली नेत. काजाबाईला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिनं चष्मेकाकांना हाताशी बोलावलं नाही. डोळे मिटून, जमेल तिथं "हां", "हां गो" म्हणत राहिली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सुपरवायझर येऊन उभा राहिला. मी बटणांचा डबा बाजूला ठेवून उठले, त्याच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभी राहिले, आणि म्हटलं, "थांबा जरा. तिच्या घरचा फोन आहे."